पिवळ्या टोपणाची नळी

लंगड्याला कुणी भीत नसे. रोज सकाळी प्रयोगशाळेत आल्या-आल्या त्याची चौकशी व्हायची, रात्र कशी गेली, काही वाढला का. आणि नाही वाढला असं कळलं की सगळ्यांना हायसं वाटायचं. लंगडा म्हणजे कुणी माणूस नव्हे. तो एक जिवाणू होता, आणि त्याला लंगडा याच लोकांनी केलं होतं.

मूळचा तो जहाल. जखमेवाटे रक्तात शिरला तर धडधाकट माणसाला आडवा करील असा. पण रक्तात तग धरायचा तर त्याला लोखंड लागतं, आणि लोखंडाच्या बाबतीत माणसाचं शरीर मोठं चिक्कू. कण न् कण कुलपात. मग हे जिवाणू बारीक बारीक आकडे घडवून बाहेर फेकतात, त्या आकड्यांनी कुलपातलं लोखंड ओढून काढतात आणि आकड्यासकट परत गिळतात. या प्रयोगशाळेनं लंगड्याची आकडे घडवण्याची विद्याच काढून घेतली होती. त्यामुळे रक्तात टाकला तरी तो उपाशी बसायचा. दात पाडलेल्या सापाला कोण भितं? त्या टेबलावर कुणी हातमोजे चढवले तर बाकीचे विचारायचे, काय हो, थंडी वाजतेय का?

ते टेबल थोरलीचं. घरात ती थोरली, प्रयोगशाळेत ताई. केस पिकले, डोळ्यांवर जाड चष्मा आला, पण तिची एक गोष्ट बदलली नाही: लोखंडाचा विटाळ. काचेची प्रत्येक नळी, प्रत्येक बाटली आम्लात भिजली पाहिजे, शुद्ध पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळली पाहिजे. स्टीलचा चमचा त्या टेबलाच्या आसपास फिरकता कामा नये. नळाचं पाणी नाही, पत्र्याचं झाकण नाही. कुणी दाराच्या कडीला हात लावून आला आणि तसाच बाटली उचलायला लागला, तर थोरली काही बोलायची नाही. नुसती बघायची. समोरचा मुकाट हात धुवायला जायचा.

तिचे वडील जन्मभर लोखंडी फाटकं आणि खिडक्यांचे गज घडवत आले. वडिलांच्या मागे ते दुकान धाकटा भाऊ चालवत होता. तो म्हणायचा, बापानं आयुष्यभर लोखंड खाल्लं आणि लेक लोखंडाच्या वाऱ्याला उभी राहत नाही.

थोरलीच्या हाताखाली एक संशोधक मुलगी होती. सतत काहीतरी उचलून लगबगीनं इकडून तिकडे न्यायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणायचे. ती नवी होती तेव्हा थोरलीनं तिला जिवाणूच्या पोटातल्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगितली होती. प्रत्येक जिवाणूत असा एक पहारेकरी असतो. त्याच्या हाती लोखंडाचा कण आला, की तो आकड्यांच्या कोठीच्या दारात ठाण मांडून बसतो. कोठी बंद, आकडे घडवणं बंद. आतलं लोखंड संपत आलं, की त्याचे हात रिकामे होतात आणि तो दारातून उठतो. कोठी उघडते, आकडे बाहेर. लोखंड कमी पडलं तर मरण, जास्त झालं तर विष. त्या दोहोंच्या मधल्या अरुंद बांधावरून एवढासा जीव कधी घसरत नाही.

"म्हणजे पोट भरलं की त्याला कळतं," मुंगी म्हणाली होती.

"त्याला कळतं," थोरली म्हणाली होती. "माणसालाच कळत नाही." मग दोघी हसल्या होत्या, कारण प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, जेवणानंतरच्या तिसऱ्या केळ्याचा घास घेत होते.

आता त्या प्रयोगशाळेची एक रीत सांगायला हवी. लंगडा माणसाच्या रक्तात खरोखर उपाशी राहतो ना, हे अधूनमधून तपासायचं तर रक्ताचं पाणी लागतं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी उरतं ते. ते बाहेरून आणण्याऐवजी सगळे आपलंच द्यायचे. सर पहिल्यांदा बाही वर करायचे, मग बाकीचे. सगळ्यांचं पाणी एका बाटलीत मिसळायचं आणि वर्षभर वापरायचं. यंदा मात्र मुंगीनं हट्ट धरला की मिसळायचं नाही, प्रत्येकाचं वेगळं ठेवून बघू. सरांनी मान डोलावली. मग सरांच्या नळ्यांना लाल टोपणं मिळाली, मुंगीच्या नळ्यांना हिरवी, थोरलीच्या नळ्यांना पिवळी.

लाल नळ्या नितळ राहिल्या. हिरव्या नितळ राहिल्या. पिवळी नळी दुसऱ्या सकाळी गढूळ झाली होती, ताकासारखी.

वाढ दिसली की काच अस्वच्छ, हे त्या टेबलावर पहिल्या दिवशी शिकवलं जायचं. थोरलीनं आधी वेगळीच शंका फेडून घेतली: मूळचा जहाल भाऊबंद तर नळीत शिरला नाही? त्यासाठी एक निळी थाळी असते. आकडे फेकणारा जिवाणू तिच्यावर ठेवला की त्याच्याभोवती निळ्याचं नारिंगी होतं, भुकेचं कडं उमटतं. पिवळ्या नळीतला थेंब त्या थाळीवर वाढला, पण कडं उमटलं नाही. म्हणजे नळीत होता तो लंगडाच. आकडे नसतानाही तो जेवत होता, म्हणजे कुलपाबाहेरचं लोखंड त्याला आयतं मिळत होतं, म्हणजे नळी नीट धुतली नव्हती. नळ्या धुतल्या होत्या मुंगीनं.

थोरली तिला फार बोलली नाही. एवढंच म्हणाली की घाईनं काम होतं, पण शास्त्र होत नाही. मुंगीचे कान लाल झाले. तिनं सगळ्या नळ्या पुन्हा आम्लात घातल्या, पुन्हा विसळल्या, पुन्हा लंगडा सोडला. दुसऱ्या दिवशी ती थोरलीच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"ताई, सगळ्या नळ्या एकाच घाण्यातल्या. लाल स्वच्छ आहेत, हिरव्या स्वच्छ आहेत. पिवळीच गढूळ."

थोरली तेव्हा थकलेली होती. गेले कित्येक महिने ती थकलेलीच असायची. जिना चढताना गुडघे नाही, आतलं काहीतरी कुरकुरायचं. ती म्हणाली, मग पिवळ्या नळ्यांनाच चरा असेल, त्यात काहीतरी अडकून राहत असेल, टाकून दे. मुंगी हलली नाही, तेव्हा तिनं स्वतःच नळी उचलली. काठाचा टवका उडालेला होता. तो अंगठ्यात घुसला आणि गढूळ पाणी तळहातावर सांडलं.

तिनं साबणानं हात धुतला, पट्टी लावली. सर जाता जाता म्हणाले, लंगड्यानं लाथ मारली वाटतं. सगळे हसले, तीही हसली. टवका उडालेला सापडला तेव्हा तिला उलट बरंच वाटलं. म्हटलं ना, काचेतच दोष होता.

काखेत कळसा असताना गावभर वळसा घालणारी माणसं आपल्याला नेहमी दुसऱ्यांच्या घरात दिसतात.

*

आई थोरलीकडेच राहायची. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. पंचाहत्तरीही न बघता ते गेले, यकृत बिघडून. त्याआधी साखर वाढली होती, त्याआधी हाताची बोटं धरली होती, त्याच्याही आधी अंगाचा रंग बदलत गेला होता, करडा, तांब्यासारखा. कुणाला नवल वाटलं नाही. जन्मभर वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे उभा राहणारा माणूस काळवंडणारच, हातोडा चालवणाऱ्याची बोटं दुखणारच. यकृताचं निघालं तेव्हा मात्र डॉक्टरांनी विचारलं, किती घेतात? आई म्हणाली, कधीच नाही. डॉक्टर हसले. शेजारणी हसल्या नाहीत, पण त्यांचं एकमेकींकडे बघणं आईनं पाहिलं. नवऱ्याचं जाणं तिनं कसंबसं गिळलं. ते हसू तिच्या घशात अडकून राहिलं.

तेव्हापासून तिनं थोरलीच्या तब्येतीचा पिच्छा पुरवला होता. लेक थकते म्हणजे रक्त कमी, हे तिचं निदान. रोज सकाळी ती औषधाच्या दुकानातून आणलेलं लोहाचं टॉनिक चमचाभर पुढे धरायची. काळं, गोडसर, जिभेवर गंजाची चव ठेवणारं. थोरली निमूट घ्यायची. आईला कुणाचं तरी करायला हवं होतं, आणि चमचाभर टॉनिकानं कुणाचं काय बिघडतं? दिवसभर नळ्यांतून लोखंडाचा मागमूस पुसणारी बाई सकाळी तो चमचा तोंडात घेऊन घराबाहेर पडायची, आणि दोन्ही गोष्टींची गाठ तिच्या डोक्यात कधी पडली नाही.

अंगठा कापल्याच्या दुसऱ्या दिवशी तो ठणकायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. आईनं कपाळाला हात लावला आणि कामावर जाऊ नकोस अशी खूण केली. दुपारपर्यंत ताप चढला. आई पलंगाच्या कडेला बसून ओल्या फडक्यानं तिचा हात पुसत होती. पुसता पुसता तिनं तो हात उजेडाकडे धरला. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांत न दिसलेलं काहीतरी आलं, जवळजवळ हसूच.

"अगं, तुझे हात अगदी त्यांच्यासारखे झालेत," ती म्हणाली. "तोच रंग बघ. आणि ही दोन बोटं दुखतात ना तुझी? पहिलं आणि मधलं? त्यांचीही हीच दुखायची."

दुखत होती. वर्षभर दुखत होती. थोरलीनं मान हलवली. आई प्रेमानं त्या बोटांची पेरं चोळत राहिली.

आणि थोरलीच्या काळजात चर्र झालं.

प्रथम तिला कळलंच नाही की भीती कशाची वाटली. आपला हात तिनं कितीतरी दिवसांत नीट पाहिला नव्हता. खरोखर तोच रंग होता, फाटकांच्या दुकानातला. पण तिनं तर उभ्या जन्मात एक सळई तापवली नव्हती. मग ठिणग्यांनी नाही काळवंडले वडील. हातोड्यानं नाही धरली त्यांची बोटं. रंग, बोटं, साखर, यकृत, हे सगळं तिनं कधीतरी एका ओळीत वाचलं होतं, दुसऱ्याच्या विषयातलं म्हणून पान उलटलं होतं. काही घराण्यांत आतड्याच्या दारावरचा पहारेकरीच नसतो. अन्नातलं लोखंड येतच राहतं, येतच राहतं. बाहेर टाकायची वाट शरीराला ठाऊक नाही. मग ते यकृतात साठतं, सांध्यांत साठतं, कातडीत उतरतं. बायकांमध्ये उशिरा, कारण दर महिन्याला थोडं वाहून जातं. तिची पाळी थांबून काही वर्षं झाली होती.

कुलपं सगळी भरलेली. आता येणारा कण कुलपाबाहेर, रक्तात मोकळा.

पिवळी नळी अस्वच्छ नव्हती. पिवळी नळी म्हणजे ती स्वतः होती. मागल्या वर्षापर्यंत सगळ्यांचं पाणी एकत्र मिसळायचं. तिचं जास्तीचं लोखंड इतरांच्या रिकाम्या कुलपांत गुपचूप बसून जायचं. या वर्षी पहिल्यांदा तिचं रक्त एकटं पडलं होतं, आणि त्यात लंगडा उठून चालायला लागला होता.

तिनं अंगठ्याची पट्टी सोडली. अंगठा तट्ट फुगला होता, आणि तिथून मनगटाकडे एक लाल रेघ निघाली होती. ती मनगटावर थांबली नव्हती.

"आई," ती म्हणाली, "धाकट्याला बोलाव. आत्ता."

*

धाकटा दुकानाच्या टेम्पोतून आला. मागे कुणाच्या तरी बाल्कनीचे गज होते, ते उतरवायलाही तो थांबला नव्हता. वाटभर प्रत्येक खड्ड्याला ते गज खणखणत होते आणि थोरलीचे दात वाजत होते. आई मधे बसली होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. धाकट्यानं एकदा तिच्याकडे पाहून विचारलं, ताई, एवढ्याशा अंगठ्यासाठी एवढं? ती त्याचे स्टिअरिंगवरचे हात बघत होती. करडे, तांब्यासारखे. तिनं डोळे मिटून घेतले.

डोळे मिटले की तिला लंगडा दिसायचा. उपाशी नव्हे, आकडे फेकत हावरेपणानं धावणारा नव्हे. ते रूप तिच्या ओळखीचं होतं, त्याच्याशी ती जन्मभर दोन हात करत आली होती. हा शांत होता. याच्या प्रत्येक पेशीत पहारेकरी हातात लोखंडाचा कण धरून, दाराला पाठ टेकून निवांत बसलेला. कशाची चणचण नाही, धावाधाव नाही. एकच काम उरलेलं: एकाचे दोन व्हायचं, दोनाचे चार. आणि ती सगळी मेजवानी तिनंच घातलेली.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी अंगठा पाहिला, रेघ पाहिली, रक्तदाब घेतला आणि विचारलं कशानं कापलं. थोरलीनं सांगितलं. बाईंनी तिच्यादेखत सरांना फोन लावला, आणि थोरलीला सरांचा मोकळा, आश्वासक आवाज पलीकडून ऐकू आला. काळजीचं कारण नाही, तो जिवाणू अगदी निरुपद्रवी केलेला आहे, माणसाच्या रक्तात तो वाढूच शकत नाही, आमच्याकडे पुरावा आहे. सर खोटं बोलत नव्हते. तो पुरावा थोरलीनंच त्यांना वर्षानुवर्षं दिला होता.

बाईंनी फोन ठेवला. चेहऱ्यावर सुटकेचा भाव होता. जखमेत दुसरं काहीतरी साधं गेलं असेल, त्या म्हणाल्या, गोळ्या देते, उद्या दाखवायला या. धाकटा उठायलाही लागला.

थोरली जागची उठली नाही. ताप डोक्यात घुमत होता, शब्द निसटत होते, आणि या खोलीत तिचं ऐकणारं कुणी नव्हतं, कारण तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला तिचं स्वतःचंच काम उभं होतं. जन्मात पहिल्यांदा तिला वाटलं की आपण थोडं वाईट काम केलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं बाईंचं मनगट धरलं.

"सर सांगतात ते तुमच्या रक्ताबद्दल खरं आहे," ती म्हणाली. "माझ्या नाही. माझ्या रक्तात त्याला कुबड्या मिळतात. माझं लोखंड तपासा. आणि माझं चुकलं तर खुशाल हसा, पण आज घरी पाठवू नका."

मग थोरलीनं तिला आठवेल तसं बाकीचं सांगितलं. लंगडा घडवताना त्याला ओळखता यावं म्हणून त्यांनी त्याला एका औषधाची ढाल दिली होती. ते औषध त्याच्यावर चालणार नाही. तिनं औषधाचं नाव सांगितलं. बाईंचं पेन थबकलं. गोळ्यांच्या कागदावर त्यांनी नेमकं तेच लिहिलं होतं.

त्यांनी कागद फाडला. तरी खात्री पटली नव्हती. रक्त तपासायला पाठवलं, पण उत्तर यायला वेळ लागणार होता. थोरलीनं धाकट्याला मुंगीला फोन लावायला सांगितलं.

पिवळ्या नळ्या टाकून दे असं तिनं मुंगीला बजावलं होतं. आता तिला एकच विचारायचं होतं, आणि ते विचारताना तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला. टाकल्यास का गं?

मुंगीनं टाकल्या नव्हत्या. खोटा आळ आलेल्या माणसाला पुरावा टाकवत नाही. सकाळपासून ती एकटीच त्या नळ्यांमागे लागली होती. लंगडा न सोडलेलं पिवळं पाणी तिनं बाजूला काढलं होतं, आणि लोखंड दिसलं की रंग देणारं रसायन तिनं तिन्हींत घातलं होतं. लाल फिकं निघालं, हिरवं फिकं निघालं. पिवळं इतकं गडद आलं की तिनं रसायनाचीच बाटली बिघडली म्हणून दुसरी फोडली. तरी तेच. काचेच्या नळीऐवजी प्लास्टिकची घेतली. तरी तेच.

"ताई, मला विचारायचं होतं, पण तुम्ही आल्या नाहीत," ती म्हणाली. मग तिचा आवाज अडखळला. "पिवळं तुमचं आहे ना?"

"बाईंना सांग," थोरली म्हणाली, आणि फोन डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला. पुढचं तिला नीट आठवत नाही. छताचे दिवे सरकत गेले. कुणीतरी रक्तदाब खाली चाललाय म्हणालं. दंडात थंड काहीतरी शिरलं. आईचा हात आधी पायावर होता, मग नव्हता.

*

ताप उतरायला बरेच दिवस लागले. मधे एकदा अंगठा जाईल असं वाटलं, मधे एकदा त्याहून जास्त काही जाईल असंही सगळ्यांना वाटून गेलं. ते तिला मागाहून, धाकट्याच्या थट्टेतून कळलं. सर रोज यायचे, पायाशी उभे राहायचे, हवापाण्याचं बोलायचे. एकदा म्हणाले की आता त्या टेबलावर सगळे हातमोजे घालतात. मुंगी आली तेव्हा थोरलीनं तिला जवळ बसवून घेतलं. काच स्वच्छ होती, एवढंच म्हणाली. मुंगीनं खाली बघून मान हलवली आणि लगेच उठून पाण्याचा तांब्या भरायला गेली, भरलेला होता तरी.

लोखंडाचा आकडा आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा तपासून घेतला. यकृतावर डाग पडायला सुरुवात झाली होती, पण नुसती सुरुवात. उपाय जुनाच: ठरावीक दिवसांनी रक्त काढून टाकायचं, म्हणजे नवं रक्त करायला शरीर साठवलेलं लोखंड वापरतं. धाकट्याचीही तपासणी झाली, त्याचंही तेच निघालं. हसत हसत तो म्हणाला, आता मला भंगारात घातलं तरी भाव चांगला येईल. पण बोलून झाल्यावर तो बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला.

पहिल्या दिवशी आईनं पिशवीतून आणलेल्या वस्तू उशाशी मांडल्या होत्या: कंगवा, टॉवेल, आणि टॉनिकची बाटली चमच्यासकट. शुद्धीवर आल्यावर थोरलीला पहिल्यांदा दिसली ती तीच. तापातही तिला एवढं भ्यायला झालं नव्हतं. आई चहा आणायला गेली तेव्हा तिनं धाकट्याला खुणेनं बाटली उचलायला लावली. आई परत आली, उशाशी बघितलं, आणि चहा ओतायला लागली.

एका दुपारी धाकटा दुकानात गेला होता. बाई येऊन समजावून गेल्या होत्या: हे घराण्यात चालत आलेलं दुखणं, दोन्ही बाजूंनी थोडं थोडं मिळालं की पुढच्यात उमटतं, वडिलांचं यकृतही बहुधा ह्यानंच गेलं.

"म्हणजे ते पीत नव्हते," आई म्हणाली.

"नव्हते, आई."

"मला माहीतच होतं." तिनं पदरानं नाक पुसलं. ती खिडकीकडे बघू लागली. थोरलीला वाटलं, आता ती त्या डॉक्टरचं हसू काढील, शेजारणींचं काढील, आणि काढलं तर चांगलंच होईल. पण आई वळली ती वेगळंच घेऊन.

"बाटली तूच काढायला लावलीस ना?"

थोरलीनं हो म्हटलं.

"त्यांनाही मीच द्यायचे," आई म्हणाली. "शेवटची दोन वर्षं. सकाळ-संध्याकाळ. थकायचे ना. नको म्हणायचे, तरी द्यायचे. पहारा करून बसायचे समोर, गिळेपर्यंत."

थोरली ज्याला इतके दिवस भीत होती ते हेच होतं. रेघ दंडाकडे चढत होती तेव्हाही, त्या भीतीखाली ही दुसरी भीती बसून होती, की आई एक दिवस हा हिशोब जुळवील.

"चमच्यानं ते भरलं नाही, आई," ती म्हणाली. "जन्मापासून येतच होतं. दार उघडंच होतं."

हे खरं होतं, तिला ठाऊक होतं तेवढं. त्या चमच्यांनी किती घाई केली, ते आता कुणीही मोजून सांगू शकणार नव्हतं, आणि ज्याच्यावरून मोजता आलं असतं तो माणूस राहिला नव्हता. आईनं मान हलवली. पटल्यावर हलवतात तशी नव्हती ती.

तेवढ्यात परिचारिका रक्त काढायची पिशवी घेऊन आली. थोरलीनं चांगला हात पुढे केला. आईनं तो आपल्या मांडीवर घेतला, उलटा केला, सुलटा केला, त्या तांबूस करड्या कातडीवरून अंगठा फिरवला. मग तिनं दोन्ही हातांनी तो घट्ट धरला, हलू नये म्हणून.

"घ्या," ती परिचारिकेला म्हणाली. "जरा जास्तच घ्या."